पाण्यात काही दोष नव्हता

आमच्या कोठीच्या खोलीत काचेची एक टाकी आहे. तिच्यात गहू भरून ठेवलेला असतो, वर कडुलिंबाचा पाला. गहू खाली गेला की काचेवर आतल्या बाजूनं एक पांढरट रेघ दिसते. आमच्याकडचं पाणी जड. त्याचा क्षार बसला की चिंचेनं घासा, लिंबानं घासा, डाग जात नाही. ती रेघ पूर्वी पाणी कुठवर होतं ते दाखवते. त्या पाण्यात मासे होते, आणि ते का मेले याची एक गोष्ट एके काळी आमच्या नात्यागोत्यात बायका सांगायच्या. ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे सांगू शकणारा माणूस मी होतो आणि मी ते सांगितलं नाही.

एक्क्याऐंशीला जालना जिल्हा झाला त्या सुमारास मी आमच्या तालुक्याच्या गावी पाणीपुरवठ्यात चिकटलो. कामाच्या जागेला सगळे ‘फिल्टर’ म्हणत. तलावाचं पाणी तिथं यायचं, तुरटीनं निवळायचं, वाळूतून झिरपायचं आणि शेवटी त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवून टाकीत चढायचं. पावडर किती टाकायची हे माझ्या हातात होतं. नमुन्याच्या नळीत औषधाचे थेंब टाकले की क्लोरिन असलेलं पाणी पिवळं पडतं. जितकं जास्त तितका रंग गडद. त्या पिवळ्या रंगावरून मी गाव निरोगी आहे की नाही ते ठरवायचो. लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, “काय, आजचं पाणी कसं हाय?” त्याचा मला गर्व होता. नाही म्हणण्यात अर्थ नाही.

सून वाटूरकडची. बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली, बोलायला कमी, पण विचारलं तर नेमकं बोलणारी. लग्नानंतर तिला पहिलं मूल झालं ते मेलेलं जन्मलं. त्यानंतर ती घरात चालायची ते पायांचा आवाज न करता. मुलानं औरंगाबादहून ती टाकी आणली, बसच्या टपावर गोधड्यांत गुंडाळून. “तिचा जीव रमेल,” एवढंच मला म्हणाला.

आमच्या हिनं टाकी बघून कपाळाला हात लावला. “अगं बाई! माणसाला आंघोळीला तांब्याभर पाणी न्हाई, अन् माश्यांना हौद!”

सुनेला दुकानदारानं बजावलं होतं की मासे लगेच सोडू नका, आधी पाणी पिकू द्या. तिनं मला विचारलं, “मामा, पाणी पिकतं म्हंजे काय होतं?”

“आंबा पिकतो, केस पिकतात,” मी म्हणालो. “पिकलेलं पाणी मी अजून पाह्यलं न्हाई.”

ती हसली. त्या वर्षातलं तिचं ते पहिलं हसू असावं. मग आम्ही दोघं त्या पाण्याच्या मागे लागलो. मी फिल्टरवरून जुन्या औषधाची बाटली आणि दोन नळ्या आणल्या. नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले, पिवळं झालं. तेच पाणी बादलीत उघडं ठेवलं, दुसऱ्या दिवशी ऊन लागल्यावर परत तपासलं, काही रंग आला नाही. क्लोरिन उडून गेलं होतं. ती नळी उजेडाला धरून बघत राहिली. “म्हंजे माणसाला चांगलं ते माश्यांना जहर,” ती म्हणाली.

“जहर म्हणू नको. त्यांचे कल्ले नाजूक असतात, जळतात.”

क्लोरिनचं मला कळत होतं. पुढचं तिनं मला सांगितलं. नव्या टाकीचं पाणी दिसायला काचेसारखं असतं, पण कच्चं असतं. मासे घाण करतात, तिचा अमोनिया होतो आणि त्यातच ते गुदमरतात. ती घाण खाणारे जंतू गोट्यांवर आणि पंपाच्या स्पंजात हळूहळू वाढावे लागतात, त्याला महिना-दीड महिना जातो. तोवर पाणी मध्येच दुधाळ होतं, मग आपोआप निवळतं. तिनं दुकानदाराकडून चालू टाकीतल्या मूठभर गोट्या फडक्यात ओल्या बांधून आणवल्या होत्या. विरजणासाठी शेजारून दही मागतो तसं. मी म्हणालो, “मी सारा जन्म जंतू मारून राह्यलो, अन् तू घरात पाळायलीस!”

“चांगले हायत हे, मामा.”

पाणी दुधाळ झालं आणि निवळलं. मग तिनं आधी दोनच मासे सोडले, ते जगले तसे आणखी. सोनेरी होते, एक काळा, मोठ्या डोळ्यांचा. पंप घरघरायचा, बुडबुडे वर जायचे. ती रोज तांब्या-दोन तांबे पाणी काढायची आणि बादलीतलं मुरलेलं तेवढंच घालायची. तिच्या पायांचा आवाज घरात परत येऊ लागला. औरंगाबादच्या डॉक्टरीण बाईंचं दिवस राहण्यासाठीचं औषधही तिनं त्याच महिन्यांत सुरू केलं.

माझी मुलगी वडीगोद्रीला दिलेली. तिला सातवा महिना लागला आणि डोहाळेजेवण आमच्याकडे करायचं ठरलं. त्याच आठवड्यात गावाच्या खालच्या आळीत जुलाब-उलट्यांची लागण झाली. वरून तोंडी हुकूम आला की पावडर वाढवा आणि बोभाटा करू नका. आदल्या संध्याकाळी मी स्वतः उभं राहून दुप्पट टीसीएल टाकायला लावली.

ज्यांच्याकडे नळ रोज येतो त्यांना आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. नळ चार-पाच दिवसांनी यायचा. तो आला की घरातलं सगळं साठवलेलं पाणी ‘शिळं’ व्हायचं. मघाशी पीत होतो तेच, पण नळाला धार लागली की ते मोरीत जायचं, हंडे-घागरी चिंच-राखेनं घासल्या जायच्या आणि ताजं भरलं जायचं. शिळं पाणी घरात ठेवणं म्हणजे गबाळेपणा. डोहाळेजेवणाच्या दिवशी सकाळी नळ आला.

सगळी भांडी भरून झाल्यावर हिची नजर टाकीवर गेली. काचेवर हिरवट शेवाळ धरलं होतं. “अन् हे? कित्येक दिसाचं शिळं पाणी पुढच्या खोलीत! विहीणबाई काय म्हणतील?”

मी रबरी नळी उचलली. सून स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. “मामा, त्याला नका हात लावू. मी रोज थोडं थोडं बदलते न्हाई का. सगळं एकदम काढलं तर मरतील ते.”

मी हसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “साऱ्या गावाला पाणी मी पाजतो, अन् तू मला पाण्याचं शिकवायलीस का?”

ही हसली. मुलगी हसली. सून आत गेली.

मासे बादलीत काढले, टाकी रिकामी केली, काच घासली. गोट्या नळाखाली चोळून चोळून धुतल्या. स्पंज पिळला तेव्हा काळं पाणी निघालं आणि मला बरं वाटलं, की बघा किती घाण होती. मग नळाची धार सरळ टाकीत सोडली. पूर्वी एकदा तांब्याभर पाणी मी असंच थेट घातलं होतं, काही झालं नव्हतं. मासे परत सोडले. खोलीत उजेड पडल्यासारखी टाकी चमकू लागली. सून आली, वाकली. पाण्याजवळ तोंड नेऊन क्षणभर थांबली आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी चपला घालत होतो. ती काही बोलणार इतक्यात दाराशी विहीणबाईंची जीप वाजली.

फिल्टरच्या दारातच मला पावडरीचा वास आला. सवयीनं नमुना घेतला, थेंब टाकले. रोज लिंबाच्या सालीसारखा रंग यायचा, त्या दिवशी नळी नारिंगी झाली. तिथं मला कळलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण दुप्पट पावडर माझ्यासमोर पडली होती. सकाळी नळी हातात धरताना मला ते ठाऊक नव्हतं का? या प्रश्नापाशी मी खूप वेळा जाऊन बसलो आहे. ठाऊक होतं. सगळ्यांसमोर केलेला विनोद परत घ्यायचा नव्हता, म्हणून मी त्याच्याकडं बघितलं नाही.

उपाय कपाटातच होता. जंतू-तपासणीच्या बाटल्यांत क्लोरिन मारायला आम्ही हायपो टाकायचो, फोटोवाले वापरतात तेच खडे. टाकीला चिमूटभर पुरलं असतं. मी कागदात थोडे बांधले, पुडी खिशात घातली आणि सायकल जल्दी हाणत घरी आलो.

बैठकीत बायका जमल्या होत्या. मुलगी हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत नटून बसलेली. लांबून मला वाटलं, पोहतायत की! पंप चालू होता आणि बुडबुडे त्यांना वर-खाली ढकलत होते. जवळ गेल्यावर पोटं दिसली. काळा तेवढा तळाशी तोंड उघडत-मिटत होता, तोही बघता बघता थांबला.

खिशात पुडी होती. जिभेवर वाक्य होतं. ते फार छोटं वाक्य होतं: आज पाण्यात पावडर जास्त आहे, चूक माझी.

“आज, ह्या दिवशी!” ही म्हणत होती. “सकाळी खाऊ कुणी टाकला? हिनंच. म्या पाह्यलं.” मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “हिच्या हाताला काही जगतच न्हाई.”

विहीणबाईंनी टाकीकडं आणि मग सुनेकडं बघितलं. “पण पाणी बदललं म्हंता ना आज? पाण्यानं तर न्हाई झालं?”

ही माझ्याकडं वळली. “अहो, तुम्हीच सांगा. तुमच्यापेक्षा जास्त कोणाला कळतं? पाण्यानं मरतील का?”

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं डोळे वर केले. माझ्या मनात त्या वेळी काय काय आलं ते सांगतो. डोहाळेजेवणाचा सगळा स्वयंपाक त्या पाण्यात शिजला होता. विहीणबाई तेच पाणी प्यायल्या होत्या. ‘ज्यानं मासे मरतात ते आमच्या गरवार सुनेला पाजलं,’ असं विहीणबाईंनी वडीगोद्रीभर केलं असतं. माणसाला त्यानं काही होत नाही हे कोण ऐकणार? लागणीची बातमी फुटली असती. आणि सकाळचा माझा विनोद. हे सगळं एका श्वासात आलं.

“पाण्यात काही दोष न्हाई,” मी म्हणालो. “गाव पितंय ते पाणी.”

सुनेनं डोळे खाली केले.

मग ओटी भरायची वेळ झाली. पहिली ओटी भावजयीची, असं ठरलेलं. तिनं नारळ, खण, गहू ताटात मांडून आणलं होतं. हिनं ते ताट तिच्या हातातून घेतलं. “तू आत बघ बरं. पुरणाचं बघ. ओटी ह्या भरतील.”

मुलगी म्हणाली, “आई, वहिनीला भरू दे की.”

“तू गप बस. तुझ्या पोटात जीव हाय.”

सून आत गेली. मी भिंतीशी उभा होतो, हात खिशात. घामानं पुडी ओली होऊन फाटली होती आणि खडे मुठीत विरघळत होते. संध्याकाळी पाहिलं तर सदऱ्याच्या खिशाला पांढरा डाग पडला होता. तो सदरा सुनेनंच धुतला.

मुलीची सुखरूप सुटका झाली, मुलगी झाली. त्यानं उलट पक्कं झालं: बघा, तिला बाजूला ठेवलं म्हणून निभावलं. पुढं कुणाची ओटी असो, बारसं असो, बायका तिला वगळू लागल्या. आधी खुणेनं, मग खुणेचीही गरज राहिली नाही. निमंत्रण आलं की तीच म्हणायची, “मी भाजीचं बघते.”

घरात तिनं जे बंद केलं ते बाहेर कुणाला दिसलं नाही. मी घरातच होतो, मला दिसलं. कढीपत्त्याचं रोप लावायचं असलं की ती शेजारणीला हाक मारायची. लोकांची लेकरं उचलायची नाही. कुणी मांडीवर दिलंच तर हात पदराखाली घ्यायची. विरजणसुद्धा ती लावेना. दूध कोमट करून ठेवायची आणि सासूला म्हणायची, “आत्याबाई, तेवढं दही घाला.” गोट्या ओल्या फडक्यात बांधून आणवणारी ती पोरगी. आणि औरंगाबादला जाणं तिनं सोडलं. मुलानं विचारलं तेव्हा म्हणाली, “माझ्यानं न्हाई व्हायचं.” ओरडली नाही, रडली नाही. त्यांना नंतर मूल झालं नाही. औषध चालू ठेवलं असतं तर झालंच असतं, असं कुणी सांगू शकत नाही. पण तिनं ते का सोडलं ते मी सांगू शकत होतो.

एकदा मुलगा माझ्यामागं फिल्टरवर आला.  वाळूच्या हौदाकडं बघत म्हणाला, “दादा, त्या दिवशी पाणी खरंच बराबर होतं का?”

“बिलकुल बराबर होतं,” मी म्हणालो. पहिल्या वेळी माझ्याभोवती बायका होत्या, पाहुणे होते. या वेळी कुणी नव्हतं.

टाकी बरेच दिवस रिकामी पडून होती, मग हिनं तिच्यात गहू भरला. पंप मी अडगळीत टाकला. पण ती घरघर गेली नाही. पुढं घरात फ्रीज आला. तो चालू झाला की मी अजून मान वळवून पुढच्या खोलीच्या त्या कोपऱ्याकडं बघतो. वाटतं, बुडबुडे येत असतील आणि काहीतरी वर-खाली हलत असेल.

मी निवृत्त झालो. पुढं ही गेली. जाताना तिची सगळी सेवा सुनेनं केली. कूस वळवणं, भरवणं, सगळं. शेवटच्या दिवसांत हिनं तिचा हात धरून ठेवलेला मी पाहिला. खरं सांगायचं तर तेव्हाही सांगता आलं असतं. मरणाऱ्या माणसाच्या मनाला त्रास नको, अशी सबब मिळाली.

सुनेला तेव्हा बाजूला सारून जिला वाचवलं असं म्हणत होते, ती नात लग्न होऊन आता स्वतः गरवार राहिली. बाळपणापासून तिचा मामीवर जीव. “डोहाळेजेवण मामीच्या घरीच,” म्हणून हटून बसली. त्याच बैठकीत पाट मांडला, त्याच भिंतीशी मला खुर्ची दिली. बायका ओटी भरायला उठू लागल्या आणि सून, कुणी काही न म्हणता, आत वळली.

मी म्हणालो, “थांब.”

आवाज चिरका निघाला असावा, कारण सगळ्या वळून बघू लागल्या. मी सगळं सांगितलं. पावडर, नळी, नारिंगी रंग, खिशातली पुडी. ‘पाण्यात दोष न्हाई’ हे मी खोटं बोललो होतो, हेही.  मग माझी एक म्हातारी चुलतबहीण शेजारणीला म्हणाली, “कोणते मासे गं?”

त्यांना मासे आठवतच नव्हते. विहीणबाईंनाही नाही. आठवण गेली होती. तिला वगळायची रीत तेवढी उरली होती.

“दादा, तुम्ही इतकी वर्षं हे…” मुलगी म्हणाली आणि पुढचं तिनं गिळलं.

मी सुनेकडं बघितलं. तिचे केस पांढरे झालेत. ती शांत होती. “मला ठाऊक होतं, मामा,” ती म्हणाली. “टाकीला वास आल्ता ना. वाकले तवाच आल्ता.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.” मग म्हणाली, “पहिल्यांदा तर वाटलं, संध्याकाळीच बोलाल. मंग वाटलं, बारशाला बोलाल.” पुढं ती मोजत बसली नाही. “पुढं पुढं मलाच वाटाय लागलं, वास आल्ता का न्हाई कोण जाणे. तुम्ही पाण्यातले माणूस. तुम्ही खोटं कशाला बोलाल?”



नात पाटावरून म्हणाली, “मामी, माझी पहिली ओटी तूच भर. बाकीच्यांच्या मंग.”

सून कोठीत गेली. टाकीवरचा पाला बाजूला सारल्याचा आवाज मला ऐकू आला. सुपात गहू घेऊन ती आली. कुंकू लावलं, ते काडीनं. नारळ आणि खण ताटातूनच पदरात सरकवले. मग दोन्ही हातांची ओंजळ भरून ती उभी राहिली. पोरीनं पदर पसरून पुढं केला, “ये ना जवळ.” सून एक पाऊल आली आणि तिथंच थांबली. ओंजळ तिनं वरूनच सोडली, वीतभर उंचीवरून. पदराला बोटं लागू नयेत म्हणून ती आखडून धरलेली मी पाहिली. अर्धे दाणे पदरात पडले, अर्धे फरशीवर उडाले.

“झालं?” तिनं विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. आणि हात पदराखाली घेतले.

बायका पुढं आल्या, गाणी सुरू झाली. मी खुर्चीवरून उतरून खाली बसलो आणि फरशीवरचे गहू वेचू लागलो.

“राहू द्या हो आजोबा,” कुणीतरी म्हणालं, “मागून झाडून घेऊ.”

मी वेचत राहिलो.